भैरोबाच्या कड्याबद्दल माझी बाजू

सोलापूर, नवी पेठ
कार्तिक वद्य ३, शके १८५६

तीर्थस्वरूप ईश्वरप्पा अण्णा यांसी, मुक्काम मंद्रूप,

तिप्पण्णाचा शिरसाष्टांग नमस्कार आणि शरणार्थ. विनंती विशेष. इकडं सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. (खरं म्हणजे आमटीत मीठ एक तर दोनदा पडतं नाही तर पडतच नाही, दुधाचं विरजण तीन दिवस लागलेलं नाही, आणि शेजाऱ्यांची मांजर आता आमच्याकडंच मुक्कामाला असते. पण ते असो.) आपला गुडघा कसा आहे? वहिनींची दाढ शेवटी काढली की तशीच लवंगेवर चालली आहे? कपिला गाईचा खोकला, पेरलेली ज्वारी, मागच्या परसातला लिंबू, या सगळ्यांची खुशाली कळवावी. मी रोज विचार करत असतो. विचार करायला सध्या घरात शांतता भरपूर आहे.

आता मुद्द्यावर येतो. आपली धाकटी बहीण भाऊबीजेला म्हणून आपल्याकडं आली, त्याला आज सोळा दिवस झाले. भाऊबीज एका दिवसाची असते हे मी आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांना सांगावं असं नाही. ती नाराज आहे, हे मला ठाऊक आहे. पण मंद्रूपच्या बाजारावरून आलेल्या एका गिऱ्हाइकानं परवा खण फाडून घेता घेता मला सांगितलं, की तुमच्या मंडळी माहेरी म्हणतात, "नवऱ्यानं डोंगरात टाकलं आणि हाकसुद्धा मारली नाही." अण्णा, हे ऐकून माझ्या हातातला गज खाली पडला. हाक मारली नाही? चांगला दीड तास घसा फोडून हाका मारल्या! घसा अजून बसलेला आहे. गिऱ्हाइकाला भाव सांगतो तर त्याला वाटतं काही गुपित सांगतो आहे. तेव्हा आपण एका बाजूनं ऐकलं आहे, आता दुसरी बाजूही ऐकावी आणि मग न्याय करावा, एवढ्यासाठी हे पत्र. माझी चूक नाही हे पत्र संपेपर्यंत आपल्या लक्षात येईलच.

या सगळ्याचं मूळ म्हणजे हिंदुराव. हे माझे लहानपणचे दोस्त, मोजणी खात्यात कारकून. गेल्या वर्षी सहा महिने त्यांची बदली साताऱ्याकडच्या डोंगरी भागात झाली होती. माणसं बदलीवरून येताना तिकडचा तांदूळ आणतात, हे डोंगर घेऊन आले. रोज संध्याकाळी माझ्या दुकानाच्या गादीवर बसायचं आणि सोलापूरला नावं ठेवायची. हे काय गाव आहे? जिकडं बघावं तिकडं परातीसारखं सपाट! उंच काय, तर गिरणीचं धुराडं! आणि त्याच्यावर चढून कुणाला भाकरी खाता येत नाही! एकदा मी चिडून म्हणालो, की एवढं आहे तर चला घेऊन. हे मी सहज बोललो होतो. पण आतल्या दारातून बांगड्या वाजल्या, आणि आपल्या बहिणीनं आत बसलेल्या हिंदुरावांच्या मंडळींना, सारजाबाईंना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, "मी येणार हं." मंद्रूपला जन्म, नवी पेठेत लग्न. डोंगर म्हणून तिनं उभ्या आयुष्यात पाहिली ती आपल्या खळ्यातली कडब्याची गंज. तिला जायचं आहे म्हटल्यावर मी नाही म्हणालो नाही, हे आपण माझ्या बाजूला मांडून ठेवावं.

तुळजापूरच्या अलीकडं बालाघाटाच्या रांगेत भैरोबाचा कडा म्हणून जागा आहे, रानानं भरलेली, खडकांची. सकाळी चढून संध्याकाळी खाली येता येतं. तिथं जायचं ठरलं. मोटार माझ्या ओळखीनं मिळाली म्हणून पुढारीपण माझ्याकडं आलं. पुढारी म्हणून मी तीन बैठका घेतल्या आणि यादी केली. फिरकीचे तांबे चार, काठ्या पाच, दोर एक, छत्री, हळदीची पुडी, कंदील (दिवसाउजेडी परत यायचं असूनही, कारण पुढाऱ्यानं दूरदृष्टी ठेवावी), आणि सुई-दोरा, कारण मी कापडवाला आहे. जेवणाला कडक भाकरी, शेंगाची चटणी, धपाटे आणि मडक्यात घट्ट दही. कडक भाकरी डोंगराला फार चांगली, महिनाभर बिघडत नाही असं सारजाबाई म्हणाल्या. आम्ही एक दिवसच जाणार आहोत याकडं कुणी लक्ष दिलं नाही. हिंदुरावांनी कापडाच्या वेष्टणाच्या मागं नकाशा काढला. त्यात पायवाट होती, ओढा होता, कडा होता, आणि मधोमध शाईचे तीन ठिपके होते. मला वाटलं टाक झटकताना पडले असतील.

सरावाचा प्रश्न मोठा होता. सपाटीची माणसं आम्ही, चढायचं कुठं? शेवटी गावाबाहेरच्या बारवेचं मला सुचलं. चांगल्या सदुसष्ट पायऱ्या आहेत. पंधरा दिवस पहाटे मी आणि हिंदुराव काठ्या घेऊन बारवेत उतरायचो आणि चढून वर यायचो. पाण्याला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. (आपल्या बहिणीला सराव कर म्हटलं तर तिनं खांबाकडं बघून उत्तर दिलं, की चौदा वर्षं दोन घागरी घेऊन तेवढ्याच पायऱ्या चढते आहे, त्याला काय म्हणतात?) पंधराव्या दिवशी आम्ही न थांबता वर आलो, तेव्हा हिंदुरावांनी मला मिठी मारली. आता कुठलाही डोंगर येऊ दे म्हणाले.

पाचवं माणूस म्हणजे नागम्मा आत्या. माझी आई गेल्यावर हिनंच मला लहानाचं मोठं केलं हे आपण जाणताच. अडुसष्ट वर्षांची म्हातारी. मी येऊन खाली मोटारीत बसून राहीन, एवढंच म्हणाली. आत्या येणार म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? पण अण्णा, इथं एक गोष्ट आपण ध्यानात घ्यावी, पुढं तिला फार महत्त्व आहे. आत्यासमोर मी आपल्या बहिणीशी आजवर थेट बोललेलो नाही. घरात मी बोलतो तो खांबाशी बोलतो. "दिवा कुणी लावला नाही वाटतं," असं मी खांबाला म्हणतो, आणि दिवा लागतो. नाव घ्यायचा तर प्रश्नच नाही. लोक मुलाच्या नावानं हाक मारून बायकोला बोलावतात; आमच्या घरी देवानं ती सोय केली नाही. मग उरतं काय? "अगं" आणि "ऐकलंस का". एवढ्या दोन शब्दांवर माझा चौदा वर्षांचा संसार चालला आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणं बरा चालला होता.

कोजागिरीनंतरच्या रविवारी उजाडता उजाडता आम्ही पायथ्याला उतरलो. तिथं येडू नावाचा एक म्हातारा शेळ्या घेऊन बसला होता. मी पुढारी, म्हणून मीच वाट विचारली. तो म्हणाला, "लई लांब न्हाय की. ह्यो काय, हितंच हाय. म्होरं तीन फत्तर लागत्याल, तितनं उजवीला वळा. डावीला जाऊ नगा, तितं वाट न्हाय, निस्ती घळ हाय." मी ते तीनदा घोकलं. तीन फत्तरांपासून उजवीला! (तेव्हा मला कळलं की नकाशातले ठिपके टाकातून पडलेले नव्हते. हिंदुराव म्हणाले, सांगितलं नव्हतं का? नव्हतं सांगितलं.)

आता काही झालं तरी खोटं लिहिणार नाही अण्णा, डोंगर फार चांगला होता. पायवाट नुसती धोंड्यांची; एकावर पाय ठेवावा तो दुसरा हलतो; आजूबाजूला धावडा, पळस, बोरी, आणि सीताफळीचं तर रान माजलेलं. डोळे उघडलेली पिकली सीताफळं वाटेवर हाताला लागत होती. गार वारा, दवानं भिजलेलं गवत, कुठंतरी खाली ओढ्याचं पाणी. माझा श्वास पहिल्या अर्ध्या तासातच सुटला, हिंदुराव दर वळणावर निसर्ग बघायला थांबू लागले, आणि मोटारीत बसून राहणारी नागम्मा आत्या लुगडं खोचून शेळीसारखी पुढं निघून गेली. तिच्या पुढं आपली बहीण. एका मोठ्या खडकावर ती हातापायांवर चढली, वर उभी राहिली, पदर वाऱ्यावर उडाला, आणि मोठ्यानं हसली. मी खाली थांबलो. आमच्या घराला दोन्हीकडून शेजारी, मधली भिंत पातळ. चौदा वर्षांत हा आवाज मी ऐकलेला नव्हता. मला वाटलं सारजाबाई हसल्या. वर बघितलं तर ही! काही तरी बोलावं असं फार मनात आलं. पण खांब नव्हता, आणि आत्या बघत होती.

वर कड्यावर भैरोबाचा शेंदूर लावलेला दगड आणि एक पिंपरणीचं झाड आहे. तिथं बसलो. लांब आपल्या गिरण्यांचा धूर रेघेसारखा दिसत होता. जेवणाची पिशवी उघडली तर कडक भाकरीचा भुगा झालेला. हिंदुराव मोटारीत त्याच पिशवीवर बसले होते. मग भुगा, दही आणि चटणी एकत्र कालवून पळसाच्या पानावर पाचही जणांनी खाल्लं. अण्णा, लग्नाच्या पंगतीत असं जेवलो नाही. आपल्या बहिणीनं माझ्या पानावर तीन वेळा वाढलं, आणि तिसऱ्या वेळी पानाकडं न बघता माझ्याकडं बघितलं. इथपर्यंत सगळं उत्तम झालं होतं. इथंच घर असतं तर किती बरं झालं असतं.

उतरायला लागलो आणि आमच्या सरावातली मेख लक्षात आली. बारवेत माणूस आधी ताज्या पायांनी उतरतो आणि मग दमून चढतो. डोंगराचं सगळं उलटं! पंधरा दिवस आम्ही नेमकं चुकीच्या टोकाकडून तालीम केली होती. गुडघे असे लटपटू लागले की मी आणि हिंदुराव एकमेकांना धरून, बसून, सरकत उतरू लागलो. बायका पुढं होत्या. तीन फत्तर दिसू लागले तेव्हा आपल्या बहिणीनं सारजाबाईंकडून विचारवलं, की इथून कुठं वळायचं. मी पुढारी. मी एका धावड्याकडं बघून मोठ्यानं सांगितलं, "उजवीला! येडूनं उजवीला सांगितलंय!"

अण्णा, येडूनं चढताना सांगितलं होतं. उतरताना ते उलटं होतं. हे आता मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण त्या वेळी लक्षात आलं नाही, आणि मोजणी खात्यात अठरा वर्षं काढलेल्या माणसाच्याही आलं नाही, मग कापडवाल्याला किती दोष द्यायचा हे आपणच ठरवा. सारजाबाईंच्या पायात काटा मोडला म्हणून त्या बसल्या. आपली बहीण ओच्यात सीताफळं घेऊन चटचट उजवीला गेली. आम्ही फत्तरांपाशी पोचलो तेव्हा ती नव्हती. खाली मोटार दिसत होती, तिथंही नव्हती. तेवढ्यात आत्या म्हणाली, उजवीला तर घळ आहे ना रे? उन्हं कलू लागली होती. त्या घळीत तरस आहे असं येडू सकाळी शेळ्यांच्या संदर्भात म्हणाला होता.

आता हाकांचं. मी ताबडतोब हाका मारायला सुरुवात केली. "अगं ए! ऐकलंस का!" समोरच्या कड्यानं माझंच म्हणणं मला परत केलं. पुन्हा मारली. तेव्हा तीन दिशांनी तीन बायकांनी "काय?" म्हणून उत्तर दिलं! रानात सीताफळं वेचणाऱ्या बायका होत्या. प्रत्येकीला वाटलं आपलाच नवरा. त्यातली एक तर पाटी घेऊन, धापा टाकत वर आली, मला बघितलं आणि म्हणाली, "व्हय ओ, मला कशापायी वरडताय?" काय सांगणार! हिंदुरावांनी "वहिनी!" म्हणून हाक मारली, तर चौथीच कुणी तरी "काय भावजी" म्हणाली. तिकडं घळीतून आपल्या बहिणीचा बारीक आवाज येत होता: "अहो! अहो!" आणि त्याला मी, हिंदुराव, येडू, आणि लाकडं तोडणारे दोघं, असे पाच जण एकदम "ओ" देत होतो. डोंगरात पाच नवरे पाच दिशांना ओ देत असताना ती बिचारी कुणाकडं जाणार? असं तासाच्या वर चाललं. आवाज कधी जवळ यायचा, कधी लांब जायचा. अण्णा, मी भिऊन गेलो होतो, हे कबूल करतो.

मग हाका थांबल्या. आणि घळीतून, चढ्या आणि स्वच्छ आवाजात, आपल्या बहिणीनं उखाणा घातला:

"खाली घळ, वर कडा, मधी बोरीची काटी,
तिप्पण्णारावांचं नाव घेते, चुकल्या वाटेसाठी!"

नाव घ्यायची दुसरी वाट बाईमाणसाला नाही, म्हणून तिनं ही शोधली. हाताला ओरखडे, पायाला ठेच, खाली तरस. आणि तिनं यमक जुळवलं! सीताफळवाल्या बायका टाळ्या वाजवून हसल्या. ती पाटीवाली मला म्हणाली, "घ्या की आता तुमी बी!" हिंदुरावांनी कोपरानं ढोसलं. सारजाबाई काटा विसरून उभ्या राहिल्या. अण्णा, मी तोंड उघडलं. नाव अगदी दातांपर्यंत आलं होतं. नुसतं सोडायचं होतं. ते ऐकून ती नेमकी माझ्याकडं आली असती, कारण त्या रानात त्या नावाची ती एकटी, आणि त्या नावानं तिला हाक मारणारा मी एकटा. तेवढ्यात मागच्या फत्तरावर आत्या खोकली. आणि माझ्या तोंडून निघालं, "आलो! आलो!"

कड्यानं चारी बाजूंनी "आलो, आलो" म्हटलं. ती त्यामागं आणखी अर्धा कोस भलतीकडं गेली. शेवटी येडूच शेळ्या वळवता वळवता घळीत उतरला आणि तिला घेऊन आला. लुगडं फाटलेलं, कपाळाला खरचटलेलं, पण ओच्यातलं एकही सीताफळ सांडलेलं नव्हतं. मी सुई-दोरा पुढं केला. (यादीतली तेवढीच एक वस्तू उपयोगी पडली.) तिनं घेतला नाही.

परतीच्या मोटारीत, सोलापूरचे दिवे दिसू लागले तेव्हा, आत्यासमोर, हिंदुरावांसमोर, चौदा वर्षांत पहिल्यांदा थेट माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "माझं नाव ठाऊक तरी आहे का?"

मी काय म्हणालो ते आपल्यापर्यंत आलेलं असणारच, तरी लिहितो. मी म्हणालो, "हा काय प्रश्न झाला? लग्नपत्रिकेत छापलेलं आहे की!"

हिंदुरावांनी कपाळावर हात मारून घेतला. त्यानंतर दिवाळीपर्यंत घरात खांबसुद्धा माझ्याशी बोलला नाही. मग भाऊबीज आली आणि ती आपल्याकडं आली.

तर अशी माझी बाजू. मघाशी म्हणालो होतो की पत्र संपेपर्यंत माझी चूक नाही हे आपल्याला कळेल. मी आता वरपासून पुन्हा वाचून बघितलं. ते कुठं कळतं ते मलाही सापडलं नाही. पण एवढं लिहिलेलं फाडवत नाही, म्हणून तसंच धाडतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कपिलेला आल्याचा काढा द्यावा. बसलेल्या घशाचा आणि गुडघ्यांचा,

आपला आज्ञाधारक मेहुणा,
तिप्पण्णा

ताजा कलम: सोबत एक इरकली खण धाडला आहे. हिरवा आहे. मागं एकदा दुकानात ती या रंगाकडं बघत उभी होती, मला वाटलं होतं धूळ बघते आहे.

दुसरा ताजा कलम: परवा आत्याजवळ माझं तोंड उघडलं. म्हटलं, तू खोकली नसतीस तर मी नाव घेतलं असतं. आत्या म्हणाली, "एनो, काय रे तिप्पण्णा, माझ्या घशात कडक भाकरीचा भुगा अडकला होता म्हणून मी खोकले. माझ्यावर कशाला ढकलतोस?" मग तिनं वाती वळायला घेतल्या. नंतर आपणहून म्हणाली, की तिच्या यजमानांनी जन्मात एकदाच तिचं नाव घेतलं. भीमेच्या काठावरून ती घसरली तेव्हा, भरल्या घाटावर, सासूसासऱ्यांच्या देखत, "नागम्मा" म्हणून ओरडले. ते जाऊन तीस वर्षं झाली. म्हणाली, अजून पाणी वाजलं की मला ते ऐकू येतं. अण्णा, मला रात्री जेवण गेलं नाही.

तिसरा ताजा कलम: मार्गशीर्षातल्या पहिल्या रविवारी पुन्हा भैरोबाच्या कड्यावर जायचं ठरवून टाकलं आहे. मोटार सांगितली आहे. या खेपेला पुढारी मी नाही. त्या डोंगरातल्या सगळ्या वाटा, चुकलेल्या धरून, ज्या एका माणसाला माहीत आहेत तेच माणूस पुढारी, असा ठराव झाला. (सूचना आत्याची.) पुढची जागा त्यासाठी रिकामी ठेवली आहे. ती आली नाही तर कुणीच जाणार नाही.

चौथा ताजा कलम: मी पुन्हा पहाटे बारवेवर जाऊ लागलो आहे, हे आपल्याला गिऱ्हाइकांकडून कळण्याआधी मीच कळवतो. पायऱ्यांसाठी नव्हे. तिथं तळाशी उभं राहून आवाज काढला की चांगला घुमतो, म्हणून सराव करतो आहे. पहिले दोन दिवस "ज"च्या पुढं गेलो नाही. तिसऱ्या दिवशी जमलं. चौथ्या दिवशी वर पाण्याला आलेल्या बायका उभ्या होत्या हे मला कळलं नाही. आता सगळ्या नवी पेठेला ठाऊक झालं आहे. समोरचा सराफ मला त्या नावानं रामराम घालतो. घालू दे.

पाचवा आणि शेवटचा ताजा कलम: अण्णा, आता खरी विनंती. आपण पत्र ओसरीवर बसून वाचता आणि ती माजघराच्या दाराआड उभी राहून ऐकते, हे मला माहीत आहे. उखाणा जुळवायला बसलो होतो, यमक जुळलं नाही. तेव्हा खालची ओळ आपण उभं राहून वाचावी, आणि डोंगरात वाचतात तशी वाचावी. घसा माझा बसला आहे, आपला चांगला आहे. आत्या इथं शेजारीच बसली आहे. मी ही ओळ लिहितो आहे ते ती बघते आहे.

जगदेवी! जगदेवी! इकडं, मी इकडं आहे. ये.